पाण्याच्या खुणांचे वाळवंट : डेथ व्हॅलीतील एका पदभ्रमणाचा अनुभव

सह्याद्रीत वाढलेल्या भटक्याचा दिवस पाण्याच्या ठिकाणांनी मोजला जातो. पायथ्याच्या गावातली विहीर, खिंडीच्या अलीकडचा झरा आणि गडमाथ्यावरचे खोदीव टाके हे त्याच्या वाटेवरचे टप्पे असतात, आणि पाठीवर किती ओझे घ्यायचे, कुठे थांबायचे, कुणाला किती वेळ विसावू द्यायचे हे सारे हिशेब त्या टप्प्यांना धरून मनातल्या मनात होत राहतात. असा भटक्या वाळवंटात चालायला जातो, तेव्हा त्याची दमछाक सोसण्याची ताकद, कड्यावरचा तोल आणि वाट हेरणारी नजर या गोष्टी त्याच्याबरोबर जातात. परंतु ज्या पाण्याच्या भरवशावर ही सारी कौशल्ये उभी असतात, तो भरवसा मात्र घरीच राहतो. पदभ्रमणाच्या नेतृत्वाचे काम वाळवंटात नव्याने शिकावे लागते ते यामुळे.

प्रस्तुत विवेचन अशाच एका गटाच्या अनुभवावर आधारलेले आहे. महाविद्यालयात असल्यापासून सह्याद्रीत एकत्र भटकलेल्या आणि पुढे नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियातील बे एरियात स्थायिक झालेल्या आठ मित्रमैत्रिणींनी मार्च महिन्याच्या पहिल्या आठवड्यात डेथ व्हॅली या वाळवंटी दरीत तीन दिवस पदभ्रमण केले. त्यांच्यापैकी एकाकडे गटप्रमुखाचे काम होते. येथे गटप्रमुख म्हणजे मोबदला घेऊन वाट दाखवणारा वाटाड्या नव्हे. मार्ग, वेळ, पाणी आणि परत फिरण्याचा निर्णय यांची जबाबदारी मित्रांनी ज्याच्यावर सोपवलेली असते, तो गटप्रमुख होय. त्याच्या जोडीला ‘शेवटचा माणूस’ असतो, म्हणजे असा अनुभवी साथीदार की ज्याच्या मागे गटातले कोणीही राहू नये असा संकेत असतो. ही व्यवस्था महाराष्ट्रातल्या गिर्यारोहण संस्थांच्या मोहिमांमध्ये रुळलेली आहे आणि या गटाने ती जशीच्या तशी उचलली होती. तिच्यात कोणता बदल करावा लागला आणि का करावा लागला, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

डेथ व्हॅली ही कॅलिफोर्नियाच्या पूर्व सीमेलगत नेवाडा राज्याच्या शेजारी पसरलेली दरी आहे. १९३३ मध्ये तिला राष्ट्रीय स्मारकाचा आणि १९९४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. दरीतील बॅडवॉटर हे ठिकाण समुद्रसपाटीच्या खाली ८६ मीटर असून उत्तर अमेरिकेतील सर्वांत सखल भूमी तीच होय. आणि तेथूनच पश्चिमेला दिसणारे टेलिस्कोप शिखर ३,३६८ मीटर उंच आहे, म्हणजे तळ आणि माथा यांच्यातील फरक कळसूबाईच्या उंचीच्या दुपटीहून अधिक भरतो. दरीतील फर्नेस क्रीक येथे १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले आणि जागतिक हवामान संघटनेच्या दफ्तरी पृथ्वीवरील सर्वोच्च हवातापमान म्हणून तीच नोंद आहे. दरीच्या तळाशी वर्षभरात पडणारा पाऊस सरासरी ५० मिलिमीटरांच्या आसपास असतो, तर महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर घडलेल्या सवयी आणि ही दरी यांच्यातले अंतर या दोन आकड्यांवरून ध्यानात यावे.

या कोरडेपणाचे कारण मराठी वाचकाला परके नाही. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला रिते होतात आणि पूर्वेकडच्या माण-खटावच्या माळावर जेमतेम शिंतोडे उरतात, याला भूगोलात पर्जन्यछाया म्हणतात. डेथ व्हॅलीच्या बाबतीत पॅसिफिक महासागरावरून येणाऱ्या बाष्पाला सिएरा नेवाडाची उत्तुंग रांग आणि तिच्यामागून येणाऱ्या आणखी डोंगररांगा ओलांडाव्या लागतात, त्यांतली शेवटची पॅनामिंट पर्वतरांग दरीला पश्चिमेकडून भिंतीसारखी टेकलेली आहे, आणि अशा एकामागून एक अडसरांनंतर दरीपर्यंत पोहोचते ती केवळ कोरडी हवा. माणदेशावर एका डोंगररांगेची सावली पडते. येथे अनेक रांगांच्या सावल्या एकावर एक पडलेल्या आहेत.

दरीची घडणही लक्षात घेण्याजोगी आहे. या प्रदेशातील भूकवच ताणले जात असल्याने त्याला भेगा पडतात, भेगांमधला काही भाग खाली खचतो आणि काही भाग वर उचलला जातो. खचलेल्या भागाला खचदरी आणि उचललेल्या भागाला गट पर्वत म्हणतात. उघड्याबोडक्या गट पर्वतांवर क्वचित पडणारा पाऊस मुरायला माती नसल्यामुळे एकदम वाहू लागतो, त्या लोंढ्याने डोंगरात अरुंद घळया कापल्या जातात, आणि घळईच्या तोंडाशी उतार संपताच पाण्याचा जोर सरून त्याने आणलेले दगड, खडी आणि रेती पंख्याच्या आकारात पसरतात. या पंख्यांवरची बारीक रेती वारा उचलतो आणि ज्या ठिकाणी डोंगरांच्या आडोशामुळे त्याचा वेग मंदावतो तेथे तिच्या टेकड्या रचतो. घळई आणि वाळूची टेकडी ही एकाच कामाची सुरुवात आणि शेवट आहेत, आणि त्या कामाचा आरंभ पाण्यापासून होतो. दरीत पाणी जवळजवळ कधीच दिसत नाही, तरी दिसणारी प्रत्येक गोष्ट पाण्याने कापलेली, वाहून आणलेली किंवा मागे सोडलेली असते. गटप्रमुखाच्या कामाच्या दृष्टीने हे ज्ञान निव्वळ शास्त्रीय कुतूहलाचे राहिले नाही, हे पुढे दिसेल.

पूर्वतयारीत सर्वांत मोठा वाटा पाण्याच्या हिशेबाचा होता. उद्यानाची सूचना दर माणशी दररोज किमान एक गॅलन, म्हणजे सुमारे चार लिटर पाणी बाळगण्याची आहे. आठ माणसे आणि तीन दिवस यांचा हिशेब ९६ लिटर होतो, आणि गाडी बिघडली तर आणखी एक दिवस काढावा लागेल हे गृहीत धरून गटाने १३० लिटर पाणी दोन मोटारींत वाटून नेले. एका लिटरचे वजन एक किलो असल्याने ही रास म्हणजे दोन धडधाकट माणसांचे वजन होते, आणि मोटारीतून उतरताच त्यातला प्रत्येकाचा तीन लिटरांचा भाग पाठीवर यायचा होता. सोबत शेंगदाणे, चिवडा, लिंबाचे लोणचे, दशम्या, आणि लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्यासाठी वेगळ्या पुड्या होत्या. खारवलेल्या खाण्यावरचा हा भर केवळ जिभेच्या चोचल्यांसाठी नव्हता. घामावाटे पाण्याबरोबर क्षारही जातात, आणि त्यांची भरपाई न करता नुसते साधे पाणी भरमसाट पीत राहिल्यास रक्तातील मिठाचे प्रमाण घसरून ग्लानी, ओकारी आणि गोंधळलेपण येऊ शकते, म्हणून पाणी आणि मीठ ही जोडी फोडायची नाही असे आधीच ठरले होते.

बे एरियाहून आठ-नऊ तासांचा मोटारप्रवास करून गट स्टोव्हपाइप वेल्स या वस्तीजवळच्या तळावर संध्याकाळी पोहोचला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, उजाडण्याच्या अर्धा तास आधी, मेस्कीट फ्लॅट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाळूच्या टेकड्यांकडे निघाला. शालेय भूगोलात ज्यांना वालुकागिरी म्हणतात त्या या टेकड्या. त्यांतील सर्वांत उंच टेकडी सुमारे ३० मीटर आहे. एकाच परिसरात चंद्रकोरीच्या आकाराच्या, लांब सरळ धारेच्या आणि एका माथ्यातून अनेक सोंडा फुटलेल्या ताऱ्याच्या आकाराच्या अशा तिन्ही घाटांच्या टेकड्या येथे आढळतात. वारा एकाच दिशेने वाहत असेल तर चंद्रकोर बनते, जिला बारखाण असेही म्हणतात; वाऱ्याच्या दिशा बदलत राहिल्या तर सोंडांची संख्या वाढत जाते. टेकडीचा आकार हा अशा रीतीने त्या जागेवरच्या वाऱ्यांचा जमाखर्च असतो.

वाळू कशी हलते याचा पद्धतशीर अभ्यास ब्रिटिश लष्करी अभियंता राल्फ बॅगनॉल्ड याने लिबियाच्या वाळवंटातील प्रवासांनंतर केला आणि त्यावरचा त्याचा ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. वाऱ्याने उचललेला वाळूचा कण फार उंच जात नाही; तो थोडा उडतो, पुढे पडतो, पडताना दुसऱ्या कणांना धक्का देऊन उडवतो, आणि अशा उड्यांच्या साखळीने वाळूचा थर जमिनीलगत पुढे सरकत राहतो, याला ‘सॉल्टेशन’ म्हणतात. वाळूहून बारीक धूळ हवेत लांब निघून जाते, जाड खडी जागेवर राहते, आणि मधल्या आकाराची रेती तेवढी टेकडीत जमा होते. खळ्यावर उफणणी करताना वारा भूस पलीकडे नेतो आणि दाणे पायाशी पडू देतो, तीच ही निवड आहे. टेकडीचा वाऱ्याकडचा उतार लांब आणि सौम्य असतो, तर पलीकडचा उतार साधारण ३४ अंशांच्या तिरक्या मर्यादेला पोहोचला की ढासळतो. ज्वारीच्या राशीवर आणखी एक सूप ओतले की दाणे कडेने घसरून रास पुन्हा आपल्या ठरलेल्या कोनात बसते, त्याच नियमाने.

चालणाऱ्याला या दोन उतारांतला फरक पायाने कळतो. वाऱ्याकडच्या बाजूला वाळू दाबून बसलेली असल्याने पाऊल जेमतेम दोन बोटे रुतते. ढासळत्या बाजूने चढू पाहणारा मात्र एक पाऊल वर टाकतो आणि पाऊणभर खाली येतो. सह्याद्रीतल्या घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाच्या निसरड्या उतारावर, चालण्याची सवय असलेल्यांनी आरंभी तीच पद्धत येथे वापरली, बूट कडेने रोवून सरळ वर चढण्याचा प्रयत्न केला आणि वीस मिनिटांत दोघांची छाती भरून आली. घसाऱ्याखाली कुठेतरी पक्का खडक असतो आणि पाय तो शोधतो. वाळूखाली वाळूच असते. त्यानंतर गट टेकड्यांच्या धारेवरून, नागमोडी लांबचा फेर घेऊन चालू लागला, आणि अंतर जवळजवळ दुप्पट होऊनही सर्वजण बोलत बोलत चालू शकतील इतका दम टिकला. बोलता येईल इतक्या गतीने चालावे, हा नियम मग अखेरपर्यंत पाळला गेला.

सूर्य उगवताना त्या वाळूवर रात्रीची सारी वर्दळ वाचता येत होती. काळ्या भुंग्याच्या पायांची शिवणटाक्यांसारखी दुहेरी रांग एका झुडपापासून निघून धारेवर गेली होती. तिला छेदून कांगारू उंदराच्या जोड-उड्यांचे ठसे होते. हा उंदीर मागच्या दोन पायांवर उड्या मारतो, दिवसभर बिळात राहतो आणि आयुष्यात पाणी न पिताही जगू शकतो, कारण कोरड्या बियांच्या पचनातून शरीरातच तयार होणारे पाणी तो अत्यंत काटकसरीने वापरतो. टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागी वाळू सरून भेगाळलेली पांढरट चिकणमाती उघडी पडली होती. मे महिन्यात मराठवाड्यातल्या आटलेल्या तळ्याच्या तळाला जशा भेगा पडतात, तशाच त्या होत्या, आणि कारणही तेच होते: ती एका प्राचीन सरोवराची गाळजमीन होती. टेकडीवरून टेकडीवर जाण्याऐवजी या मातीच्या पट्ट्यांवरून चालले की श्रम वाचतात, हे ध्यानात आल्यावर परतीची वाट तिथून आखली गेली. आटलेल्या पाण्याने दिलेला तो रस्ताच होता.

या टेकड्यांना नाव देणारे मेस्कीट हे झाड मराठी माणसाच्या ओळखीचे निघाले. महाराष्ट्राच्या कोरड्या भागात गावाबाहेर, ओढ्याकाठी आणि पडीक रानात माजलेली वेडी बाभूळ हे त्याचेच अमेरिकी भावंड आहे. तेथे जी उपद्रवी तण म्हणून तोडली जाते, तिच्या या भावंडाची मुळे येथे वाळूखाली खोलवरच्या ओलीपर्यंत पोहोचतात, फांद्या वाळू अडवून धरतात आणि झाडाभोवती टेकाड पक्के होते. दरीतील मूळ रहिवासी असलेले टिंबिशा शोशोनी लोक या झाडाच्या शेंगा दळून त्यांचे पीठ खात आले आहेत. या हिरव्या ठिपक्यांकडे पाहून खाली पाणी आहे एवढे समजते, मात्र ते चालणाऱ्याच्या हाती लागणारे नसते, आणि हा फरक गटप्रमुखाने सर्वांना तिथेच थांबून समजावून सांगितला.

दुपारचे ऊन तळावर सावलीत काढून, तीन वाजण्याच्या सुमारास गट मोझॅक घळईत शिरला. वस्तीपासून चार किलोमीटरांच्या आत, टकी पर्वताच्या उतारावर ही घळई आहे. तिच्या भिंतींचा खडक साठ कोटी वर्षांहून अधिक जुना डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियमयुक्त चुनखडक असून, जमिनीत खोल गाडला जाऊन उष्णता आणि दाब यांमुळे त्याचा संगमरवर झालेला आहे. लोंढ्यांबरोबर आलेल्या खडीने तो इतका घासला गेला आहे की अरुंद जागी दोन्ही हात टेकवताना देवळाच्या झिजलेल्या उंबऱ्याची आठवण व्हावी. ठिकठिकाणी अणकुचीदार दगडांचे तुकडे नैसर्गिक चुन्याच्या लुकणात घट्ट बसून ‘ब्रेशिया’ नावाचा खडक बनला आहे. जुन्या मुंबई-पुण्याच्या घरांतली मोझॅकची फरशी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना घळईच्या नावाचा उलगडा वेगळा करून सांगावा लागत नाही.

भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावची सांदण दरी या गटातील सर्वांनी पूर्वी उतरलेली होती, त्यामुळे अरुंद घळईत कसे चालावे हे त्यांना ठाऊक होते. सांदण बेसाल्टची, काळी, आणि मोझॅक फिकट पिवळी-राखाडी. सांदणीत कंबरभर पाण्याचे डोह पार करावे लागतात आणि येथे ओलाव्याचा ठिपका नाही. तरी दोन्हीकडे वळणे, पायऱ्या आणि खोबण्या सारख्याच, कारण दोन्ही पाण्याने घडवलेल्या आहेत. सांदणीत पावसाळ्यात उतरू नये हे जसे प्रत्येक भटक्याला पढवलेले असते, तसेच वाळवंटी घळईचेही आहे, आणि येथे धोका अधिक फसवा असतो, कारण डोक्यावर स्वच्छ आकाश असताना वरच्या पाणलोटात पडलेल्या पावसाचा लोंढा खाली येऊ शकतो. ५ ऑगस्ट २०२२ रोजी फर्नेस क्रीक येथे एका दिवसात सुमारे ३७ मिलिमीटर, म्हणजे वर्षाच्या सरासरीच्या तीन चतुर्थांशाइतका पाऊस पडून रस्ते वाहून गेले, आणि पुढच्याच वर्षी २० ऑगस्टला हिलरी वादळाच्या पावसाने त्याहून मोठी हानी होऊन उद्यान सुमारे दोन महिने बंद राहिले. त्यामुळे घळईत शिरण्यापूर्वी हवामानाचा अंदाज पाहणे, डोक्यावरच्या आकाशाऐवजी डोंगरमाथ्याकडे नजर ठेवणे आणि दर वळणावर वर चढता येईल अशी जागा हेरून ठेवणे, ही गटप्रमुखाची तीन कामे होती आणि ती त्याने चोख केली. त्याच्याकडून जी चूक झाली ती दुसऱ्या जागी झाली.

घळईत सुमारे दोन किलोमीटर आत मोठाल्या दरडींनी वाट अडवलेली आहे. तिला बगल देऊन पुढे गेल्यावर घळई पुन्हा अरुंद होते आणि शेवटी एका कोरड्या धबधब्यापाशी, म्हणजे पूर आला तरच वाहणाऱ्या खडकाच्या उभ्या टप्प्यापाशी, वाट संपते. तो टप्पा पाहणे हा त्या दुपारचा उद्देश होता. दर अर्ध्या तासाच्या थांब्यावर गटप्रमुख सर्वांना विचारत होता, “पाणी प्यायलात का रे?” आणि सर्वांकडून होकार येत होता. शेवटचा माणूस म्हणून मागे चालणारा साथीदार, जो गटातील सर्वांत काटक समजला जाई, तोही म्हणत होता, “घोट घोट पितोय, चला तुम्ही.” हवा पंचविशीच्या आसपास, छान वाऱ्याची होती, सदरे कोरडे होते, आणि कोणी दमलेले दिसत नव्हते.

दरडी ओलांडल्यावर दहा मिनिटांनी तो साथीदार बोलायचा थांबला, आणि मग एका सोप्या पायरीवर त्याचा पाय दोनदा चुकला. थांबवून विचारले तेव्हा त्याने कपाळ ठणकत असल्याचे थोडे चिडूनच सांगितले, आणि ती चीड त्याच्या स्वभावातली नव्हती. गटातील मैत्रिणीने त्याची पाठपिशवी उघडली तेव्हा तीन लिटरांपैकी अडीच लिटरांहून अधिक पाणी जागेवर होते. तो खोटे बोललेला नव्हता. तो खरोखरच घोट घोट पीत होता. मागच्या माणसाने थांबले की पुढचे सगळे खोळंबतात, या जुन्या सौजन्याने तो प्रत्येक थांब्यावर सर्वांत शेवटी पोहोचत होता, आणि त्याने बाटली तोंडाला लावेपर्यंत पुढचे उठत होते. त्याच्या टोपीच्या कडेवर मिठाची पांढरी, वाळून खडबडीत झालेली रेघ उमटली होती. अतिशय कोरड्या हवेत घाम अंगावर दिसण्याआधीच उडून जातो, सदरा भिजत नाही, आणि आपल्याला घाम येतच नाही असा समज होतो. मागे राहते ते फक्त मीठ. सह्याद्रीत घामाने निथळणारा माणूस आपोआप पाण्याकडे वळतो. ती खूणच येथे मिळत नाही.

त्याला भिंतीच्या सावलीत बसवून, बूट सैल करून, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी लहान लहान घोटांनी पाजण्यात आणि शेंगदाणे खायला लावण्यात पाऊण तास गेला. त्याला हळूहळू तरतरी आली आणि तो स्वतःच पुढे जाऊ म्हणू लागला. कोरडा धबधबा तेथून एक किलोमीटरही दूर नव्हता. दोघांनी त्याच्यापाशी थांबावे आणि बाकीच्यांनी पुढे जाऊन यावे, असाही विचार निघाला. गटप्रमुखाने तो नाकारला आणि आठही जण तेथूनच मागे फिरले. त्याच्या नकारामागे दोन कारणे होती. अंधारापूर्वी दरडींच्या खाली पोहोचायचे होते, हे एक. आणि गटाचे तुकडे झाले की प्रत्येक तुकड्याचा पाण्याचा हिशेब वेगळा होतो आणि कोणाचाच नीट राहत नाही, हे दुसरे. ज्याला त्रास झाला त्याला या निर्णयाचे सर्वांत जास्त वाईट वाटले, ही गोष्ट मित्रांच्या गटात स्वाभाविक आहे, आणि त्याच वाईट वाटण्याच्या भीतीने माणसे आपली तहान लपवतात, हेही त्याच संध्याकाळी स्पष्ट झाले.

रात्री तळावर या प्रसंगाची चर्चा झाली तेव्हा चूक कुठे झाली याविषयी मतभेद राहिला नाही. गटप्रमुख माणसांना विचारत होता, बाटल्यांना विचारत नव्हता. “पाणी प्यायलात का” या प्रश्नाला मित्र जे उत्तर देतो त्यात त्याचा अभिमान, दुसऱ्यांचा खोळंबा टाळण्याची इच्छा आणि स्वतःच्या शरीराविषयीचा अंदाज हे सगळे मिसळलेले असते. बाटलीतली पातळी मात्र एकच गोष्ट सांगते. शिवाय मागच्या माणसाची काळजी घेणारा कोणीच नसतो, ही उणीव या व्यवस्थेत पूर्वीपासून होती. सह्याद्रीत वाटेवरच्या झऱ्यांनी ती झाकून ठेवली होती. तेव्हापासून दोन बदल झाले. थांबा शेवटचा माणूस पोहोचल्यावर सुरू होतो आणि तो पाणी पिऊन झाल्यावर संपतो. आणि प्रत्येक थांब्यावर सर्वजण आपापली बाटली उजेडात धरून दाखवतात, ज्यात गटप्रमुख आपली बाटली आधी दाखवतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोल्डन घळई आणि तिच्या शेजारची गॉवर घळ यांचा फेरा झाला. गोल्डन घळईतून पूर्वी मोटारीचा पक्का रस्ता होता. फेब्रुवारी १९७६ मधील वादळी पावसाच्या लोंढ्याने तो उखडला आणि नंतर पुन्हा बांधला गेला नाही, त्याचे डांबरी तुकडे आजही वाटेत दिसतात. गॉवर घळीची कथा याहून बोधप्रद आहे. फर्नेस क्रीकच्या वस्तीला पुराचा धोका होऊ नये म्हणून १९४१ मध्ये मोठ्या ओढ्याचे पाणी या लहान घळीत वळवले गेले, आणि त्या जादा पाण्याने घळीचा तळ भराभर खोल कापला जाऊ लागला. पाण्याला एका जागी रोखले तर ते आपले काम दुसऱ्या जागी करते, हे तेथे खडकात कोरलेले आहे.

संध्याकाळी गट बॅडवॉटरच्या मिठाच्या पटांगणावर गेला. हिमयुगात येथे मॅनली नावाने ओळखले जाणारे खोल सरोवर होते. डोंगरांतून उतरलेल्या पाण्याला समुद्राकडे जायला वाट नसल्याने ते तिथेच आटत गेले आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहिले. हिलरी वादळानंतर या पटांगणावर काही महिने पुन्हा उथळ पाणी साचले होते. पांढऱ्या, खडबडीत मिठावर वाकून पाहताना गटातील एकीने आदल्या दिवशीच्या टोपीच्या कडेकडे बोट दाखवले आणि कोणी काही बोलले नाही. एवढ्या अफाट दरीत जे घडले होते, तेच एका माणसाच्या कपाळावर दोन तासांत घडले होते.

टिंबिशा शोशोनी लोकांची या दरीतली वहिवाट पाहिली तर पाण्याच्या हिशेबाची हीच समज दिसते. उन्हाळ्यात दरीचा तळ सोडून पॅनामिंटच्या उंचावर जायचे, तेथे पाइनच्या बिया गोळा करायच्या, आणि थंडीत खाली परतायचे, असा त्यांचा ऋतुक्रम होता. १९८३ मध्ये अमेरिकी संघराज्याने त्यांना जमात म्हणून मान्यता दिली आणि २०००च्या कायद्याने त्यांच्या जमिनीचा काही भाग त्यांना परत मिळाला. १८४९च्या हिवाळ्यात सोन्याच्या शोधात आलेल्या परक्या तांड्यांनी या जागेला मृत्यूची दरी म्हटले. टिंबिशांसाठी ती घर होती आणि आहे, कारण कुठे, केव्हा आणि किती काळ थांबायचे याचा हिशेब त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चोख ठेवला.

या गटाने मोझॅक घळईतला कोरडा धबधबा अजून पाहिलेला नाही. गटप्रमुखाच्या वहीत त्या दिवसाच्या पानावर अंतराच्या रकान्यात दरडींच्या पुढचे ते वळण नोंदलेले आहे, जेथून सर्वजण परतले, आणि शेजारी नंतर हाताने आखलेला एक नवा रकाना आहे, ज्यात आठ नावांपुढे कोणी किती पाणी प्यायले ते लिटरांत लिहिलेले आहे. सह्याद्रीतल्या भटकंतीच्या जुन्या पानांवर असा रकाना नाही. त्यानंतरच्या प्रत्येक पानावर तो आहे, अगदी सुट्टीत मायदेशी आल्यावर केलेल्या रतनगडाच्या पानावरसुद्धा, जरी त्या माथ्यावरची टाकी तेव्हा काठोकाठ भरलेली होती.